जुन्या हाय-फाय संचाचा मेळ



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांवर बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आणि बहुधा तो खराही ठरतो. आजचा आमचा विषय मात्र छंदाचा आहे. साधारण १९५० ते १९८० या तीस वर्षांत निघालेली, ध्वनिमुद्रिका वाजवण्याची उत्तम यंत्रे शोधून त्यांचा एक मेळाचा संच कसा बसवावा, हा तो विषय होय. हा छंद पैसेवाल्यांचा, तुमचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचा संबंध सभांच्या लाउडस्पीकरांमुळे आला. सोळा ओहमचे दोन कर्णे शेजारी-शेजारी जोडले की अॅम्प्लिफायरला ते आठ ओहमचे भासतात, आणि चार जोडले की चारच ओहम उरतात, मग अॅम्प्लिफायर तापतो आणि नेमके मुख्य वक्त्याच्या भाषणात बंद पडतो, हे ज्ञान आम्हांस पुस्तकात मिळाले नाही. ते मैदानावर मिळाले. त्या ज्ञानाचा धागा धरून आम्ही जुन्या यंत्रांपर्यंत पोहोचलो.

प्रथम शब्दाचा विचार करू. हाय-फाय हे हाय फिडेलिटीचे लघुरूप. फिडेलिटी म्हणजे इमान. हे इमान यंत्राने कोणाशी राखायचे? मालकाशी नव्हे, दिवाणखान्याशी नव्हे, तर गाणाऱ्याशी. तबकडीवर जे कोरले आहे त्यात आपल्या पदरचे काही न घालता आणि त्यातले काही न गाळता ते कानापर्यंत पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. हे काम घरातल्या यंत्राला जमू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ साली विल्यमसन नावाच्या तरुण इंजिनियराने ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात एका अॅम्प्लिफायरचा आराखडा छापला, आणि तो पाहून असंख्य हौशी लोकांनी घरच्या घरी तो बांधला. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ मुद्रिका, म्हणजे एलपी, बाजारात आणली. १९५८ पासून दोन कानांसाठी दोन मार्ग असलेल्या स्टीरिओ मुद्रिका सर्रास मिळू लागल्या. या दहा वर्षांत जी यंत्रे निघाली त्यांतली कित्येक आजही चालतात. यात जादू काही नाही. ती दुरुस्त होतील अशी बांधली होती म्हणून चालतात.

आता ‘मेळ’ या शब्दाकडे वळू. संग्राहकांत मेळाची एक सोपी कल्पना रूढ आहे. एकाच कंपनीचे, एकाच सालचे, सारख्या तोंडवळ्याचे डबे एकावर एक रचले की मेळ झाला. जपानी कंपन्यांनी १९७० नंतर हे शास्त्रच बनवले. चकचकीत अॅल्युमिनियमचे तोंड, जड बटणे, अंधारात उजळणारी पट्टी, हे रूप मोहक आहे यात शंका नाही. शिवाय त्या काळी वॅटच्या आकड्यांची अशी चढाओढ लागली होती की अमेरिकन सरकारला १९७४ साली नियम करून जाहिरातीतल्या शक्तीचे मोजमाप कसे करावे हे ठरवून द्यावे लागले. १९७८ साली पायोनियरचा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर निघाला, तो एकेका बाजूस २७० वॅट देणारा होता. एकाच घरचा संच घेण्यात एक शहाणपण आहे, हे आम्ही मान्य करतो. मेळाचा विचार करण्याचे कष्ट तेथे कंपनीच्या इंजिनियराने आधीच घेतलेले असतात. पण एकाच घरची माणसे आहेत म्हणून घरात एकोपा असतोच असे नाही, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. खरा मेळ तोंडाचा नसतो, कामाचा असतो. तो कोठे कोठे पाहावा लागतो ते एका उदाहरणाने सांगतो.

उदाहरण १९६० च्या सुमाराच्या एका ब्रिटिश संचाचे घेऊ, कारण त्याची घडण सर्वज्ञात आहे. तबकडी फिरवायला गॅरार्ड कंपनीचा ३०१ हा टर्नटेबल, १९५४ साली निघालेला. त्यावर एसएमई कंपनीचा ३००९ हा हात, म्हणजे टोनआर्म, १९५९ चा. पुढे क्वाड कंपनीचा २२ हा प्रीअॅम्प्लिफायर, १९५९ चा, आणि त्याच्या जोडीला १९५३ साली निघालेले क्वाड टू हे दोन अॅम्प्लिफायर, एकेक पंधरा वॅटचा. शेवटी क्वाडचेच दोन इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर, १९५७ सालचे. त्यांत कागदी शंकू नाही, एक पातळ प्लॅस्टिकचा पडदा हजारो व्होल्टांच्या विद्युतभाराने हलतो. पाहा, टर्नटेबल एका घरचा, हात दुसऱ्या घरचा, बाकीचे तिसऱ्या घरचे. आणि तरीही जगभरचे जाणकार या संचाला आदर्श मेळ मानतात.

पहिला मेळ सुईचा आणि खाचेचा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला टोकाची त्रिज्या इंचाच्या तीन हजारांशांएवढी असलेली सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बारीक. ती बारीक सुई ७८ च्या खाचेत घातली तर ती तळाशी जाऊन कचऱ्यातून फिरते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकू येते. मग लोक म्हणतात, जुन्या तबकड्या खराबच असतात. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९६० नंतरही काही वर्षे निघत राहिल्या, आणि हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, बालगंधर्व यांच्या आवाजाचा मोठा ठेवा त्यांच्यावरच आहे. ज्याला हा ठेवा ऐकायचा त्याने सुई आधी पाहावी, अॅम्प्लिफायर मागाहून. आणखी एक गोष्ट. तबकडी कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी आणि तीव्र आवाज मुद्दाम जास्त कोरतात. वाजवताना यंत्राने उलट क्रिया करायची असते. या क्रियेचे प्रमाण १९५४ साली अमेरिकेत सर्वांसाठी ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे प्रमाण निराळे होते. क्वाड २२ वर निरनिराळ्या प्रमाणांसाठी बटणे आहेत ती यासाठी. आजच्या पुष्कळशा यंत्रांत ती सोय नाही.

दुसरा मेळ हाताचा आणि कार्ट्रिजचा. कार्ट्रिजची सुई एका लवचिक दांडीवर असते. तिची लवचिकता आणि हाताचे वजन मिळून एक झोका तयार होतो. या झोक्याची गती सेकंदाला आठ ते बारा हेलकावे एवढी असावी. त्याहून कमी झाली तर तबकडीच्या किंचित वाकडेपणाने आणि खोलीतल्या पावलांनी सुई नाचते. फार जास्त झाली तर झोका गाण्याच्या खर्जात शिरतो. म्हणून ताठ दांडीच्या, दोन-चार ग्रॅम भार मागणाऱ्या जुन्या कार्ट्रिजला जड हात हवा, आणि १९७० नंतरच्या, एखाद्या ग्रॅमवर चालणाऱ्या मऊ कार्ट्रिजला हलका हात हवा. दोन्ही कार्ट्रिजे उत्तम, दोन्ही हात उत्तम, पण जोडी चुकली तर दोन उत्तमांचे मिळून एक निकृष्ट होते.

तिसरा मेळ कार्ट्रिजचा आणि प्रीअॅम्प्लिफायरचा. हलत्या चुंबकाची कार्ट्रिज साधारण पाच मिलिव्होल्ट देते. हलत्या तारेच्या गुंडाळीची कार्ट्रिज त्याच्या दशांशही देत नाही, तिला मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. येथेच हेही सांगून टाकू की क्वाड २२ ला स्वतःचा वीजपुरवठाच नाही. तो क्वाड टू अॅम्प्लिफायरकडून तारेने वीज घेतो. तेव्हा देखणा आहे म्हणून एकटा क्वाड २२ विकत घेणाऱ्याच्या घरी तो मुका बसून राहतो. एकाच घरचा माल घेणे जेथे खरोखरच आवश्यक असते ते असे.

चौथा मेळ अॅम्प्लिफायरचा आणि लाउडस्पीकरचा. येथे लोक वॅट विचारतात. वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट दसपट लागतात. मग पंधरा वॅट पुरतात का? ते लाउडस्पीकर काय मागतो यावर आहे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. ही मोठीच युक्ती होती, पण तिची किंमत वॅटमध्ये मोजावी लागली. त्या घराण्यातला एआर-थ्री हा चार ओहमचा स्पीकर शक्ती भरपूर मागतो. क्वाड टू अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची सोय आठ आणि सोळा ओहमच्या आसपासची. ही जोडी जमत नाही. उलट क्वाडच्या इलेक्ट्रोस्टॅटिकला शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर जोडून कोणी आवाज वाढवला, तर पडद्याजवळ ठिणगी पडते आणि पडदा जळतो. दुर्बळ अॅम्प्लिफायर वाईट आणि दांडगा अॅम्प्लिफायरही वाईट. सोसवेल एवढे देणारा चांगला.

पाचवा मेळ लाउडस्पीकरचा आणि खोलीचा. हा सर्वांत अधिक विसरला जातो. इलेक्ट्रोस्टॅटिक जेवढा पुढे बोलतो तेवढाच मागे बोलतो, म्हणून भिंतीपासून त्याला चांगले अंतर लागते. दहा बाय बाराच्या खोलीत, एका भिंतीला कपाट आणि दुसरीला पलंग असताना, तो कोठे उभा करायचा? तेथे लहान बंद पेटी बरी. म्हणून आमचा सल्ला असा की संच बसवताना खरेदी उलट्या क्रमाने करावी. आधी खोली पाहावी, खोलीप्रमाणे स्पीकर, स्पीकरप्रमाणे अॅम्प्लिफायर, आणि मग मागे सरकत सुईपर्यंत यावे. बहुतेक मंडळी याच्या नेमके विरुद्ध करतात.

सहावा मेळ विजेचा. अमेरिकेतून आलेले यंत्र ११० व्होल्टांचे असते हे सर्वांना ठाऊक असते, आणि ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले असे वाटते. पण तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. तेथल्या विजेसाठी पुली बसवलेला गॅरार्ड येथे सहात पाच या प्रमाणात मंद फिरतो. ३३⅓ च्या जागी सुमारे २७.८ फेरे होतात. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही खाली उतरते, आणि ऐकणारा म्हणतो, अहो, केवढा भारदस्त आवाज! योग्य पुली बसवली की बाई आपल्या जागी येते.

आता या सर्वांमागचा विचार नीट कळावा म्हणून पृथ्वीबाहेरचे एक उदाहरण देतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, आणि तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती तबकडी १६⅔ फेऱ्यांची आहे. पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही पाठवली, आणि ती किती वेगाने फिरवावी याची खूण वेष्टनावर कोरली. त्यांना ठाऊक होते की नुसते गाणे पाठवून भागत नाही. त्याला जुळणारी सुई पाठवली नाही तर ती एक सुंदर ताटली आहे, दुसरे काही नाही.

येथपर्यंत यंत्राचे झाले. आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला ती सांगतो.

जुने यंत्र घरी आले की लोक उत्साहाने पहिली गोष्ट करतात ती म्हणजे प्लग खोचून बटण दाबतात. क्वाड टू मध्ये केटी६६ नावाचे दोन मोठे व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या आधीच्या टप्प्यावरून त्यांच्याकडे आवाज नेणारे दोन छोटे कंडेन्सर असतात. साठ वर्षांनी असा कंडेन्सर झिरपू लागतो. झिरपला की व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर वीज ओढतो, लाल होतो, आणि अखेरीस आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. थोड्या रुपयांच्या कंडेन्सरपायी, ज्या हातांनी तो गुंडाळला ते हात आता मिळायचे नाहीत, असा ट्रान्सफॉर्मर जातो. जाणता कारागीर काय करतो? तो आधी यंत्र उघडतो, कंडेन्सर मोजतो, सिरीज लॅम्प लावून मग वीज देतो. आत तीनशे व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो, म्हणून एक हात खिशात ठेवून काम करतो. हे ज्ञान त्याच्याकडे आहे. ते बाहेरच्या चकचकीत तोंडावर कोठेही लिहिलेले नसते. नाहीतर मोठ्या नावाचे यंत्र घरी आणून ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी गत होते.

हे कारागीर आज कोठे आहेत? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत, पुण्यात बुधवार पेठेत, गावोगावच्या एखाद्या बोळात, माळ्यावरच्या खोलीत. बहुतेकांची साठी उलटली आहे. त्यांच्या हाताखाली पोरगा नाही. का नाही? आम्ही संग्राहक चोरबाजारातल्या डब्यासाठी तोंडाला येईल ती किंमत मोजतो, पण दुरुस्तीच्या बिलावर मात्र घासाघीस करतो. ‘एक कंडेन्सर तर बदललात, त्याचे एवढे कसले?’ असे विचारतो. कंडेन्सर बदलायला दहा मिनिटे लागतात. कोणता बदलायचा हे कळायला चाळीस वर्षे लागली, त्यांचा हिशेब कोणी धरत नाही. जो धंदा बापाला नीट पोसत नाही तो मुलगा कशाला शिकेल? गिरणीत काय आणि बाकड्यावर काय, हा हिशेब एकच आहे.

ही यंत्रे घडवणाऱ्यांचेही तेच झाले. गॅरार्ड कंपनीचा जन्म १९१५ सालचा. राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी युद्धात तोफखान्याला अंतरमापक यंत्रे पुरवण्यासाठी ती काढली, आणि १९१९ पासून स्विंडन गावी तिचा कारखाना वाढला. १९६० साली ती प्लेसी कंपनीकडे गेली, आणि १९७९ साली ब्राझीलच्या ग्रादिएंते कंपनीला विकली गेली. नाव गेले ते गेले. पण दाते कापणारे, आस घोटून बसवणारे स्विंडनचे जे कुशल हात होते ते पांगले. लीक ही तशीच नावाजलेली ब्रिटिश कंपनी १९६९ साली रँककडे गेली. अमेरिकेच्या शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणेच थांबवले. व्हॉल्व्ह आज रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे बनतात. याच्या उलटही एक उदाहरण आहे. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली निघाला, २०१० साली बंद पडला, आणि मागणी मरत नाही असे पाहून २०१६ साली पुन्हा सुरू झाला. म्हणजे ऐकणारे लोक टिकले तर बनवणारेही परत येऊ शकतात.

संग्राहकांत आणखी एक वाईट प्रथा पडत चालली आहे, तिच्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. चालत असलेले यंत्र फोडून त्याचे भाग सुटे विकायचे. मूळचे केटी६६ एकाला, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याला, नावाची पट्टी तिसऱ्याला. तीन गिऱ्हाइकांकडून मिळून पैसे जास्त येतात, आणि एक गाणारे यंत्र कायमचे मुके होते. शिवाय साठ वर्षे एकत्र वाजलेली लाउडस्पीकरांची जोडी तोडून एकेक विकणारेही आहेत. कायद्याने हा गुन्हा नाही. पण ज्याला इमानाचे यंत्र हवे त्याने असा सुटा माल विकत घेण्याआधी, तो कोठून आला एवढे तरी विचारावे.

तेव्हा ज्यांना हा छंद आहे, किंवा ज्यांच्या घरी आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर पडला आहे, त्यांना आमचे तीनच गोष्टींचे मागणे आहे. एक, यंत्र घेताना शेजारच्या यंत्राचा तोंडवळा पाहण्याआधी त्याचे काम पाहा. कमी घ्या, पण एकमेकांचे ओझे पेलतील अशी घ्या. दोन, खर्चाचा अंदाज करताना किमतीच्या शेजारी दुरुस्तीची रक्कम आधीच लिहून ठेवा, आणि ती कारागिराला घासाघीस न करता द्या. तीन, त्याला सांगा की माझे काम महिनाभर उशिरा झाले तरी चालेल, पण ते करताना एखादा आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी शेजारी बसवा. तिचा त्या दिवसांचा रोज मी देतो. पाच-दहा हौशी माणसांनी मिळून वर्गणी काढली तर एक शिकाऊ हात वर्षभर सहज पोसला जाईल. संघटना यापेक्षा निराळी काय असते?

हे केले तर पुढच्या वीस वर्षांनीही हिराबाईंची तबकडी योग्य सुईने, योग्य वेगाने, योग्य पट्टीत वाजेल. न केले तर आपल्याकडे सुंदर तोंडवळ्याचे डबे राहतील, आणि ते उघडणारा कोणी राहणार नाही.